उपग्रहावरून नदीचा विसर्ग काढायचा, तर खोली कुठून आणायची?

वाळूतली_रेघ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रबंधासाठी एका नदीचा विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहून जाणारं पाणी, काढतोय आणि तीन आठवडे एकाच जागी अडकलोय.

नदी मध्यम आहे. पाणी कमी असताना पात्र १७५ मीटरच्या आसपास रुंद, भरली की २००च्या पुढे जातं. तिच्यावर पूर्वी सरितामापन केंद्र होतं. ते बंद झालं, आणि बंद होण्याआधी पातळीची पट्टी एकदा हलवली होती. किती हलवली याची नोंद सापडत नाही, त्यामुळे जुना रेटिंग कर्व्ह (पातळीवरून विसर्ग सांगणारा आलेख) आजच्या पातळीला लावता येत नाही.

म्हणून रडारने पाण्याची पातळी मोजणाऱ्या स्वॉट उपग्रहाची माहिती उतरवली. दीड वर्षात ३१ नोंदी हाती लागल्या. पातळी, रुंदी, उतार तिन्ही मिळाल्यावर वाटलं, काम झालं, आता मॅनिंगचं सूत्र (रुंदी, खोली, उतार आणि पात्राचा खडबडीतपणा यांवरून विसर्ग देणारं) लावायचं. खडबडीतपणाचा एन पुस्तकातून ०.०३५ घेतला. पण खोली कुठेच नाही! सगळ्यात खालच्या पातळीला सरासरी खोली १ मीटर धरली आणि किलोमीटरला १२ सेंटिमीटर उतार घेतला, तर विसर्ग ५५ घनमीटर प्रतिसेकंद येतो. तीच खोली २ मीटर धरली की १७४. माझ्या मनावर सोडलं तर उत्तर तिपटीने बदलतंय. असं कसं चालेल?

शिवाय चार नोंदींत उतार उणे आलाय, म्हणजे पाणी चढाला वाहतंय असं. त्या सरळ टाकून द्यायच्या का? आणि हे सगळं सोडून सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांतून फक्त रुंदी मोजली आणि रुंदीवरून विसर्ग काढला तर? ती चित्रं पाच दिवसांनी एकदा मिळतात, तिथे नोंदी भरपूर होतील.

दोन_काठ

शेवटच्या प्रश्नापुरतं सांगतो, कारण त्यात माझं एक वर्ष गेलंय.

रुंदी आणि विसर्ग यांचं नातं घातांकाचं असतं. लिओपोल्ड आणि मॅडॉक यांनी १९५३ साली नद्यांच्या नोंदी तपासून ते मांडलं: एका ठिकाणी विसर्ग वाढला की रुंदी, खोली आणि वेग तिन्ही वाढतात, आणि तिघांच्या घातांकांची बेरीज १ होते. त्यांनी काढलेल्या सरासरीत रुंदीच्या वाट्याला ०.२६ आला, खोलीला ०.४० आणि वेगाला ०.३४. तिघांत रुंदी सगळ्यात मंद. आता हे उलटं वापरायचं, रुंदीवरून विसर्ग काढायचा, म्हटलं की घातांक होतो १ भागिले ०.२६, म्हणजे ३.८च्या वर. रुंदी मोजताना १० टक्के चूक झाली, तर विसर्गात ४४ टक्के चूक.

आणि १० टक्के चूक व्हायला काहीच लागत नाही. १७५ मीटर रुंदीत सेंटिनेल-२चे १०-१० मीटरचे साडेसतरा पिक्सेल. दोन्ही काठांचे पिक्सेल अर्धे पाणी, अर्धी ओली माती. त्यांना पाणी म्हणायचं की जमीन, हे पाणी ओळखायच्या तुमच्या निर्देशांकाच्या उंबरठ्यावर ठरतं. उंबरठा जरासा हलवला की दोन पिक्सेल इकडचे तिकडे होतात. काठ उभे असतील तर आणखी वाईट: पाणी दोन मीटर चढतं आणि रुंदी तशीच राहते.

शिवाय पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं. पाच दिवसांनी एकदा हा हिशेब कागदावरचा आहे. माझ्याकडे पावसाळ्याच्या महिन्यांत वापरण्याजोगं एखादंच चित्र उरायचं, तेही पाणी ओसरल्यावरचं. सेंटिनेल-१चं रडार ढगांतून पाहतं, म्हणून मी शेवटी तिकडे वळलो.

एका जातीच्या नदीत मात्र रुंदी कामाला येते: अनेक फाटे, मध्ये वाळूची बेटं, उथळ पात्र. तिथे पाणी वाढलं की ते आडवं पसरतं. १९९६ साली लॉरेन्स स्मिथ आणि सहकाऱ्यांनी रडारचित्रांतून अशाच फाटेफुटीच्या नद्यांचा विसर्ग काढून दाखवला होता. तुमची नदी एका पात्रातून वाहणारी दिसते, तेव्हा हा रस्ता धरू नका.

काठावरची

मी बारा वर्षं नदीमोजणीत आहे. पहिली सात वर्षं होडीत काढली, पुढची पाच संगणकासमोर. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू अंगावर घेतल्या आहेत. जरा सविस्तर लिहिते.

खोली उपग्रहातून मिळत नाही, तुमच्या शोधण्यात काही कमी पडलेलं नाही. स्वॉटच्या रडारलहरीची लांबी जेमतेम ८ मिलिमीटर असते. ती पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरते, आत शिरत नाही. आइससॅट-२ उपग्रहाचा हिरवा लेझर नितळ पाण्यात काही मीटर खाली पोचतो, पण गढूळ नदीत त्याचाही इलाज चालत नाही.

पण तुम्ही समजताय तेवढं काही हातचं गेलेलं नाही. ३१ नोंदींत पाणी कधी वर होतं, कधी खाली. प्रत्येक पातळीला रुंदी माहीत आहे. या रुंद्या एकावर एक रचल्या की पात्राचा वरचा आकार तुमच्या हातात येतो. अज्ञात उरतो तो फक्त सगळ्यात खालच्या दिसलेल्या पातळीखालचा भाग, जो दीड वर्षात एकदाही उघडा पडला नाही. त्याला मी बुडीत क्षेत्र म्हणते. वरची जी वाढ दिसते ती भर. मॅनिंगचं सूत्र रुंद पात्रासाठी या भाषेत असं लिहायचं:

विसर्ग = (१ ÷ एन) × (बुडीत क्षेत्र + भर)^(५/३) × रुंदी^(−२/३) × उतार^(१/२)

उजवीकडची भर, रुंदी, उतार हे तिन्ही उपग्रह देतो. अज्ञात दोनच: एन आणि बुडीत क्षेत्र. खोली प्रत्येक नोंदीला वेगळी शोधायची नाहीये. अख्ख्या दीड वर्षाला मिळून दोन आकडे हवे आहेत.

आता कोणता आकडा किती महागात पडतो ते पाहा. समजा रुंदी १८० मीटर, सरासरी खोली २.४, उतार किलोमीटरला १२ सेंटिमीटर, एन ०.०३२. विसर्ग येतो २६५. रुंदीत १० मीटरची चूक करा, २५० होतो. उतार १.७ सेंटिमीटरने जास्त धरा (स्वॉटने १० किलोमीटरच्या टप्प्यासाठी उताराच्या अचूकतेचं उद्दिष्ट हेच ठेवलं होतं), २८३ होतो. एन ०.०२८ धरा, ३०३. आणि खोली अर्ध्या मीटरने कमी धरा: १८०. उपग्रह जे मोजतो त्यातल्या चुका सहा-सात टक्क्यांत आवरतात. आपण अंदाजाने जे भरतो तिथे घर फिरतं.

म्हणून माझा सल्ला एकच: आणखी चित्रं उतरवण्याआधी नदीवर जा. उपग्रह ज्या दिवशी वरून जाणार त्या दिवशी विसर्ग प्रत्यक्ष मोजा. एकदा पाणी कमी असताना, एकदा बऱ्यापैकी भरलेलं असताना. दोन मोजण्या मिळाल्या की दोन्ही अज्ञात सुटतात, आणि सोडवायला संगणकही लागत नाही. वरचं सूत्र उलटवून प्रत्येक दिवसासाठी एक संख्या काढायची:

वाय = (विसर्ग × रुंदी^(२/३) ÷ उतार^(१/२))^(३/५)

आडव्या अक्षावर भर, उभ्या अक्षावर वाय. बिंदू सरळ रेषेत येतात. रेषेचा चढ आणि ती उभा अक्ष जिथे कापते ती उंची, या दोनांतून सगळं मिळतं. सरावासाठी आकडे देते. पहिल्या दिवशी विसर्ग २६५, रुंदी १८०, उतार ०.०००१२, भर शून्य. वाय येतो ३४०७. दुसऱ्या दिवशी पाणी १.४६ मीटर वर, रुंदी १९०, म्हणजे भर २७० चौरस मीटर, उतार ०.०००१३, मोजलेला विसर्ग ५९८; वाय ५५३७. चढ झाला ७.८९. उंची ३४०७ला ७.८९ने भागा, ४३२ चौरस मीटर, हे बुडीत क्षेत्र. चढाचा उणे ५/३ घात करा, ०.०३२, हा एन. वहीच्या एका पानाचं काम आहे. मी पहिल्यांदा असा आलेख काढला तेव्हा बराच वेळ नुसती त्या रेषेकडे पाहत बसले होते. कधीच न दिसणारा नदीचा तळ एका रेषेच्या टोकाला येऊन बसला होता.

एक सांभाळा. दुसऱ्या दिवसाच्या मोजणीत १० टक्के चूक झाली, ५९८च्या जागी ६५८ लिहिलं, तर एन ०.०२५ येतो आणि बुडीत क्षेत्र ३७५. दोन्ही आकडे बरेच हलले. पण या जोडीने दोन मोजण्यांच्या मधल्या पातळ्यांचा विसर्ग काढलात, तर तो चुकलेल्या बाजूलाही दहा टक्क्यांच्या आतच राहतो, कारण एक आकडा घसरला की दुसरा त्याला सावरतो. म्हणून त्या एनला पात्राचा खरा खडबडीतपणा म्हणू नका आणि त्या क्षेत्राला खरा तळ म्हणू नका. दोघं जोडीनेच खरे. दुसऱ्या नदीला उचलून लावायचे नाहीत, आणि मोजलेल्या पातळ्यांच्या फार वर किंवा खाली ताणायचे नाहीत. पाणी काठ सोडून शेतांत शिरलं की तर मुळीच नाही, तिथे सूत्राचा पायाच बदलतो.

आता उणे उतार. टाकण्याआधी बघा. स्वॉटच्या नदीमाहितीत साधारण १०-१० किलोमीटरचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात सुमारे २०० मीटरवर एकेक बिंदू. तुम्ही बहुतेक टप्प्याचीच एक ओळ घेतली असणार. बिंदू उघडा आणि पातळी अंतराप्रमाणे मांडा.

हे मी कळवळून सांगतेय, कारण माझ्या हातून यातच मोठी चूक झाली होती. एका टप्प्याचा उतार किलोमीटरला ३२ सेंटिमीटर आला आणि मी तो तसाच वापरला. विसर्गाचे आकडे पुढे गेले, पाणी सोडण्याच्या बैठकीत मांडलेही गेले. तिथल्या एका जुन्या मोजणीदाराने विचारलं, एवढं पाणी असतं तर पुलाचा तिसरा खांब बुडाला असता, तो तर कोरडा आहे. मी परत आले आणि बिंदू मांडले. पाणी हळूहळू उतरत येतं, एका ठिकाणी येऊन थबकतं, तिथे सरळ २ मीटरची पायरी, आणि पुन्हा हळूहळू उतरत जातं. मध्ये छोटा बंधारा होता. मोठ्या धरणांपाशी टप्पे तोडलेले असतात, असे लहान अडथळे सुटून जातात. पायरी सोडून बाकी लांबीत उतार १२च होता. दोन टोकं जोडल्यामुळे तो ३२ झाला, आणि वर्गमुळातून विसर्ग १.६ पट. त्या दिवसापासून एकही टप्पा बिंदू मांडून पाहिल्याशिवाय मी पुढे पाठवलेला नाही.

तुमच्या उणे उतारांत मला तीन शक्यता दिसतात. बंधाऱ्याच्या फुगवट्यात पाणी जवळजवळ सपाट असतं, तिथे मोजणीतली बारीक चूकही चिन्ह उलटवते. नाहीतर त्या दिवशी वारा नसेल: पाणी आरशासारखं गुळगुळीत झालं की तिरक्या कोनातली लहर परत येतच नाही, नदीचे तुकडे काळे पडतात आणि उरलेल्या तुकड्यांतून उतार काढला जातो. किंवा काठावरची टेकडी, उंच झाडं यांचा परतावा पाण्याच्या परताव्यात मिसळला असेल. प्रत्येक नोंदीसोबत दर्जाची खूण असते: ० चांगली, १ शंकास्पद, २ खालावलेली, ३ वाईट. ती पाहिलीत का? आणि जिथे आकडा नाही तिथे उणे ९९९९९९९९९९९९ असा भरणा असतो, तो सरासरीत जाऊ देऊ नका.

एक शेवटचं. स्वॉटच्या माहितीवरून जगभरच्या नद्यांचा आयता काढलेला विसर्ग मिळतो, तो का वापरू नये, हे कोणीतरी विचारेलच. वापरा, पण तो कसा बनतो ते समजून. मोजण्या नसलेल्या नद्यांसाठी त्या पद्धती बुडीत क्षेत्र आणि एन यांचा पहिला अंदाज बहुतेक जागतिक जलसंतुलन प्रतिमानांच्या (पाऊस आणि बाष्पीभवन यांवरून नदीचं पाणी काढणाऱ्या संगणकी हिशेबांच्या) सरासरी विसर्गावरून घेतात. २०१६ साली मायकेल ड्युरंड आणि सहकाऱ्यांनी पाच पद्धती १९ नद्यांवर घासून पाहिल्या. माहिती कृत्रिम होती, उपग्रह तेव्हा वर गेलाही नव्हता. फाटेफुटीच्या नसलेल्या १६ नद्यांपैकी १४ नद्यांवर निदान एका पद्धतीची चूक ३५ टक्क्यांच्या आत राहिली. मला त्यातला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो: चुकीचा मोठा हिस्सा एकाच दिशेचा होता, सगळं सरसकट जास्त किंवा सरसकट कमी. तो काढून टाकल्यावर उरलेला चढउतार मध्यकाने फक्त १२.५ टक्के. म्हणजे नदी वाढली की घटली, किती पटीने, हे उपग्रह छान सांगतो. एकूण किती, हे सांगायला त्याला जमिनीवरचा एक भरवशाचा आकडा लागतो.

पट्टी_आणि_पंखा

ताईंनी नदीवर जा म्हटलंय, तर कसं जायचं ते मी सांगतो.

ध्वनिलहरींचं प्रवाहमापक, म्हणजे एडीसीपी, मिळालं तर उत्तम. किमान चार फेऱ्या मारा, दोन जाताना दोन येताना, आणि सरासरी घ्या. ते नसेल तर पंख्याचं वेगमापक घेऊन पुलावरून मोजा. पात्राचे वीस-पंचवीस उभे भाग पाडा, आणि कोणत्याही एका भागातून एकूण पाण्याच्या १० टक्क्यांहून जास्त जाणार नाही असं बघा. उथळ भागात पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६वर एक वेग, खोल भागात ०.२ आणि ०.८वर दोन वेग घेऊन सरासरी. तेही नसेल तर तरंगते सोडून पृष्ठभागाचा वेग मोजा आणि ०.८५ने गुणा. ही शेवटची पद्धत कच्ची आहे, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरी.

मोजणी सुरू करण्याआधी आणि संपल्यावर पातळी लिहा. मध्ये पाणी १० सेंटिमीटर चढलं असेल तर तुमचा आकडा नेमका कोणत्या क्षणाचा, हा प्रश्न उरतो. उपग्रहाची वेळ जागतिक वेळेत असते, ती स्थानिक वेळेत बदलून घ्यायला विसरू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भरलेल्या पाण्यात एकट्याने उतरू नका. मोजणी हुकली तर २१ दिवसांत उपग्रह पुन्हा त्याच वाटेने येतो.

वाळूतली_रेघ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बिंदू मांडून पाहिले आणि हात थरथरायला लागले. चारपैकी तीन उणे उतारांना दर्जाची खूण ३ होती, मी तो रकाना कधी उघडलाच नव्हता. चौथा खरोखर सपाट भागातला आहे. दर्जा २ आणि ३ काढल्यावर ३१पैकी १९ नोंदी उरल्या.

दोन शंका उरल्यात. पुलाखाली पात्राचा छेद दोरी आणि वजन टाकून मोजता येईल. मग तोच छेद बुडीत क्षेत्र म्हणून का धरू नये? विसर्ग मोजायची गरजच पडणार नाही. दुसरं, जुन्या केंद्राचे बावीस वर्षांचे दैनिक विसर्ग माझ्याकडे आहेत. पट्टी हलली म्हणून ते कायमचे वाया गेले का?

काठावरची

१९ स्वच्छ नोंदी ३१ मळक्यांपेक्षा चांगल्या. पुढे चला.

पुलाचा छेद बुडीत क्षेत्र म्हणून घेऊ नका. उपग्रहाचा उतार आणि रुंदी १० किलोमीटरच्या सरासरीची आहे, म्हणून बुडीत क्षेत्रही त्या १० किलोमीटरचंच हवं. पूल कुठे बांधतात? जिथे पात्र अरुंद आणि काठ पक्के असतात तिथे. खांबांभोवती तळ खरवडून खड्डे पडलेले असतात. तो छेद अख्ख्या टप्प्याचा प्रतिनिधी होऊ शकत नाही. विसर्गाचं तसं नाही. मध्ये ओढा मिळत नसेल आणि पाणी उपसलं जात नसेल, तर टप्प्यात कुठेही उभं राहून मोजा, जवळपास तेवढंच पाणी जातं. पुलाखाली ते खोल आणि सावकाश, पुढे उथळ आणि जोरात, पण दर सेकंदाला तेवढेच घनमीटर. त्यामुळे एका ठिकाणी मोजलेला विसर्ग सगळ्या टप्प्याला लागू होतो, एका ठिकाणी मोजलेला छेद होत नाही. छेद मोजाच, पण त्यातून विसर्ग काढण्यासाठी.

जुने विसर्ग तर सोनं आहेत. पट्टी हलली त्यामुळे पातळ्यांचा मेळ तुटला. त्या काळात नदीतून किती पाणी गेलं हे कुठे खोटं ठरलं? (पट्टी हलवल्यानंतरचे विसर्ग कोणत्या कर्व्हने काढले होते तेवढं तपासा. जुनाच कर्व्ह लावला असेल तर ती वर्षं बाजूला ठेवा.) बावीस वर्षांचे विसर्ग लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. उपग्रहाच्या पातळ्याही तशाच लावा. मग क्रमाने जुळवा: जी पातळी निम्म्या वेळा ओलांडली जाते तिच्यासमोर निम्म्या वेळा ओलांडला जाणारा विसर्ग, असं करत जा. दोन्ही नोंदी एकाच काळातल्या नसल्या तरी चालतं. तौरियन, स्नीव आणि बारदोसी यांनी २०१३ साली एन्व्हिसॅट उपग्रहाच्या पातळ्यांवर हीच युक्ती वापरली होती.

अट एकच: नदीचा स्वभाव बदललेला नसावा. मधल्या काळात वर धरण झालं असेल, पाणी वळवलं गेलं असेल, तर जुना क्रम आजच्या नदीचा नाही. १९ नोंदींत दोन्ही टोकं धूसर राहतील, सगळ्यात मोठा पूर आणि सगळ्यात कोरडा दिवस त्यात सापडला असण्याचा संभव कमी. मधल्या भागावर मात्र विश्वास ठेवता येईल. आणि यातून आलेला विसर्ग वाय काढायच्या सूत्रात घालून ती सरळ रेषा पाहाच. रेषा नीट आली आणि प्रत्यक्ष मोजलेले दोन बिंदू तिच्या जवळ पडले, तर दोन वेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचलात. दूर पडले तर मोजलेल्या बिंदूंचं ऐका.

दोन_काठ

एक पुरवणी. स्वॉटची पातळी भूरूपाच्या, म्हणजे जिऑइडच्या (साधारण समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या पृष्ठभागाच्या), संदर्भात दिलेली असते. जीपीएस यंत्र लंबगोलाच्या (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकाराच्या) संदर्भात उंची देतं. दोघांतला फरक जगात सुमारे उणे १०६ मीटरपासून अधिक ८५ मीटरपर्यंत कुठेही असू शकतो. वरच्या सगळ्या कृतीत फक्त पातळीतला बदल लागतो, त्यामुळे एकाच संदर्भात राहिलात तर अडचण नाही. पण पुलावर जीपीएस लावून घेतलेली उंची उपग्रहाच्या पातळीशेजारी ठेवणार असाल, तर आधी दोन्ही एका संदर्भात आणा.

वाळूतली_रेघ

वर धरण नाही, पण एक उपसा योजना पाच वर्षांपूर्वी सुरू झालीय. तिचा उपसा भरलेल्या नदीत नगण्य आहे, कोरड्या दिवसांत जाणवण्याइतका. म्हणजे क्रम जुळवताना खालचं टोक सोडून देतो आणि कमी पाण्यासाठी प्रत्यक्ष मोजणीवरच भिस्त ठेवतो. पुढचा पास अकरा दिवसांनी आहे, सकाळचा. एडीसीपी दोन दिवसांसाठी मिळालंय, बरोबर दोघं जण येतायत.

काठावरची

खालचं टोक सोडलंत हे बरोबर केलंत. निघण्यापूर्वी पुलाच्या कठड्यावर एक पक्की खूण करा आणि तिथून पाण्यापर्यंतचं अंतर दोन्ही दिवशी मोजा. तिचा फोटो काढा, ती कोणत्या खांबावर आहे ते लिहा आणि प्रबंधाच्या परिशिष्टात छापा. तुमची पट्टी किती हलली हे कुणी लिहून ठेवलं नाही म्हणून तुमचा हा सगळा खटाटोप झाला. मोजणी झाली की दोन्ही बिंदू इथे टाका, रेषा मलाही पाहायचीय.